फ्रेदेरिक ओझानाम

आंत्वान-फ्रेदेरिक ओझानाम (२३ एप्रिल १८१३, मिलान – ८ सप्टेंबर १८५३, मार्सेय) हे फ्रेंच साहित्येतिहासकार, कायदेपंडित, पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठातील परकीय साहित्याचे प्राध्यापक आणि संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर फ्रान्समधील सुशिक्षित वर्ग कॅथलिक धर्मापासून झपाट्याने दुरावत होता. त्या काळात ओझानाम यांनी शासकीय विद्यापीठात राहून, विद्वत्तेशी तडजोड न करता आणि विरोधकांशी वैर न धरता आपली श्रद्धा जपली. ते धर्मगुरू नव्हते. विवाहित गृहस्थ, प्राध्यापक आणि नागरिक या नात्यांनीच ते आयुष्यभर वावरले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २२ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये त्यांना ‘धन्य’ घोषित केले.

पार्श्वभूमी

ओझानाम यांच्या जीवनाचा अर्थ समजण्यासाठी त्या काळातील फ्रान्सची धार्मिक स्थिती ध्यानात घ्यावी लागते. १७८९च्या राज्यक्रांतीत ख्रिस्तसभेची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली. पुढील काही वर्षांत मठ बंद झाले आणि अनेक धर्मगुरूंना देशत्याग किंवा मृत्यू पत्करावा लागला. १८०१मध्ये नेपोलियनने पोपशी करार करून उपासना पूर्ववत सुरू केली. परंतु शिक्षणाची सूत्रे त्याने शासनाच्या हाती ठेवली. त्याने स्थापन केलेल्या शासकीय विद्यापीठ-व्यवस्थेकडे देशातील उच्च व माध्यमिक शिक्षणाची मक्तेदारी होती.

१८१५नंतर राजसत्ता परत आली. तिने सिंहासन आणि वेदी यांची सांगड घातल्यामुळे सामान्य माणसाच्या मनात धर्म व जुनी राजवट ही एकच गोष्ट ठरली. परिणामी १८३०च्या जुलै क्रांतीत राजाबरोबर धर्मावरही रोष ओढवला. नव्या सनदेत कॅथलिक धर्माचा राजधर्म म्हणून असलेला दर्जा जाऊन तो केवळ बहुसंख्य फ्रेंच लोकांचा धर्म ठरला. फेब्रुवारी १८३१मध्ये पॅरिसमध्ये जमावाने आर्चबिशपांच्या निवासस्थानाची नासधूस केली. विद्यापीठातील बहुतेक अध्यापकांच्या दृष्टीने ख्रिस्ती धर्म हा मानवी प्रगतीतील एक मागे पडलेला टप्पा होता. अशा वातावरणात त्याच वर्षाच्या अखेरीस अठरा वर्षांचे ओझानाम शिक्षणासाठी पॅरिसला आले.

बालपण आणि संशयाचा काळ

ओझानाम यांचे वडील झाँ-आंत्वान यांनी तरुणपणी नेपोलियनच्या सैन्यात चाकरी केली होती. पुढे ते वैद्यकशास्त्र शिकून डॉक्टर झाले. आई मरी नांता या ल्यों शहरातील रेशीम व्यापाऱ्याच्या घराण्यातील होत्या. या दांपत्याला चौदा अपत्ये झाली. त्यांतील मोजकीच जगली. थोरले बंधू आल्फाँस पुढे धर्मगुरू झाले, तर धाकटे शार्ल डॉक्टर. फ्रेदेरिक यांची थोरली बहीण एलिझा हीच त्यांची पहिली शिक्षिका होती. ती १८२०मध्ये ऐन तारुण्यात वारली.

मिलान शहर ऑस्ट्रियाच्या अमलाखाली गेल्यावर १८१६मध्ये हे कुटुंब ल्योंला परतले. वडील गरीब रुग्णांवर मोफत उपचार करीत आणि आईही गरजूंच्या घरी जात असे. उतारवयात दोघांनी एकमेकांना बजावले होते की, चौथ्या मजल्यापलीकडे जिने चढायचे नाहीत. तरीही एकदा वरच्या मजल्यावरील एका गरीब कुटुंबाच्या दारात दोघांची अवचित गाठ पडली, अशी आठवण त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. मे १८३७मध्ये वडिलांचा मृत्यू झाला तोही एका गरीब रुग्णाकडे गेले असता जिन्यावरून पडल्यामुळेच.

ल्योंच्या शासकीय महाविद्यालयात शिकत असताना, पंधरा-सोळाव्या वर्षी, ओझानाम यांना धर्माविषयी तीव्र शंकांनी ग्रासले. भोवतालच्या मुलांची टवाळी आणि अविश्वासाची भाषा कानावर पडत होतीच. पण आपण जे मानतो ते का मानतो, हा प्रश्न त्यांना आतून छळत होता. रात्रीची झोप उडाली. या अवस्थेत तत्त्वज्ञानाचे अध्यापक धर्मगुरू नुआरो यांनी त्यांना आधार दिला. नुआरो यांनी शंका दडपल्या नाहीत. ते या विद्यार्थ्याला बरोबर घेऊन लांबवर फिरायला जात, प्रश्न ऐकून घेत आणि विचारांची एकेक पायरी उलगडून दाखवत. या संकटातून बाहेर पडताना ओझानाम यांनी आपले आयुष्य सत्याच्या सेवेला वाहण्याचा निश्चय केला. संशयाने पछाडलेल्या माणसाशी बोलताना पुढे जी कणव त्यांच्या ठायी दिसते, तिचे मूळ या अनुभवात आहे.

१८३१मध्ये सेंट-सिमॉनच्या अनुयायांनी ल्योंमध्ये आपल्या नव्या सामाजिक पंथाचा प्रचार सुरू केला, तेव्हा ओझानाम यांनी त्या मताचा परामर्श घेणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. त्या वेळी ते अठरा वर्षांचे होते आणि एका वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करीत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ल्योंच्या रेशीम विणकरांनी मजुरीच्या दरासाठी उठाव केला. विणकरांचे दारिद्र्य त्यांनी लहानपणापासून जवळून पाहिले होते.

पॅरिसमधील विद्यार्थिदशा

कायद्याच्या शिक्षणासाठी पॅरिसला आल्यावर ओझानाम यांना प्रथम एकाकीपणाने घेरले. ज्या खानावळवजा घरात ते उतरले होते, तेथील मंडळी धर्माची थट्टा करणारी होती. थोड्याच दिवसांत ल्यों परिसरातीलच विख्यात भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे-मरी अँपियर यांनी त्यांना आपल्या घरी राहायला बोलावले. विद्युत्-चुंबकीय सिद्धान्ताचा हा प्रणेता श्रद्धाळू कॅथलिक होता. स्वतः अँपियर यांनीही पूर्वी श्रद्धेचे चढउतार अनुभवले होते. एकदा मनाची घालमेल होत असताना ओझानाम एका चर्चमध्ये शिरले आणि तेथे कोपऱ्यात गुडघे टेकून जपमाळ म्हणणारे अँपियर त्यांच्या दृष्टीस पडले, असे सांगितले जाते. आधुनिक विज्ञान आणि प्रार्थना एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, याचे उदाहरण त्यांना रोज घरात दिसत होते. अँपियर यांचे पुत्र झाँ-जाक हे साहित्येतिहासकार. ते पुढे ओझानाम यांचे जिवलग मित्र झाले.

सोर्बोनमध्ये तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक तेओदोर जुफ्र्वा आपल्या व्याख्यानांत ईश्वरी प्रकटीकरणाची शक्यता नाकारीत. ओझानाम आणि त्यांच्या काही मित्रांनी याला लेखी उत्तर देण्याचे ठरविले. त्यांनी वर्गात गोंधळ घातला नाही. मुद्देसूद आक्षेप लिहून ते प्राध्यापकांकडे पाठविले आणि ते वर्गात वाचले जावेत अशी विनंती केली. अखेर जुफ्र्वा यांना या आक्षेपांची दखल घ्यावी लागली आणि श्रद्धावान श्रोत्यांच्या भावना दुखावण्याचा आपला हेतू नव्हता, असा खुलासा त्यांनी केला. कॅथलिक विद्यार्थी एकटेदुकटे नाहीत, हे या प्रसंगाने प्रथमच उघड झाले.

संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची स्थापना

त्या काळी एमान्युएल बायी या संपादकाच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांचे एक इतिहास-चर्चामंडळ चालत असे. तेथे सर्व मतांच्या तरुणांना मोकळीक होती. ख्रिस्ती धर्माने युरोपच्या संस्कृतीला काय दिले, याची ओझानाम मोठ्या अभ्यासपूर्वक मांडणी करीत. एकदा विरोधी मताच्या एका विद्यार्थ्याने त्यांना अडविले. गतकाळात तुमच्या धर्माने पुष्कळ केले असेल. पण आज या शहरात तुम्ही कॅथलिक म्हणवणारे काय करता, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. या प्रश्नाला ओझानाम यांच्याजवळ उत्तर नव्हते. आदल्याच वर्षी, १८३२मध्ये, पॅरिसमध्ये पटकीच्या साथीत हजारो माणसे दगावली होती आणि सर्वाधिक झळ गरीब वस्त्यांना बसली होती. तो टोमणा त्यांना रास्त वाटला.

२३ एप्रिल १८३३ रोजी, ओझानाम यांच्या विसाव्या वाढदिवशी, बायी यांच्या वृत्तपत्राच्या कचेरीत सात जण एकत्र आले. चाळिशीला टेकलेले बायी अध्यक्ष झाले. ओझानाम, ओग्यूस्त ल तायांदिए, पॉल लामाश, फ्रांस्वा लालिए, फेलिक्स क्लावे आणि झ्यूल देव्हो हे बाकीचे सहा जण विद्यार्थी होते. गरिबांच्या घरी स्वतः जायचे, एवढाच त्यांचा संकल्प होता. मुफतार या दरिद्री वस्तीत काम करणाऱ्या धर्मभगिनी रोझाली रांद्यू यांनी या अननुभवी तरुणांना कोणत्या घरी जावे, काय न्यावे आणि कसे बोलावे, हे शिकविले. भाकरी व सरपण यांच्या चिठ्ठ्या देऊन कामाला आरंभ झाला.

या कामाचे वैशिष्ट्य प्रत्यक्ष भेटीत होते. दान पाठवून देता येते. भेटीला मात्र स्वतःच जावे लागते. गरिबाच्या खोलीत बसून त्याची कथा ऐकणारा विद्यार्थी तेथून काही शिकून परततो, असे ओझानाम मानीत. त्यांच्या दृष्टीने या मंडळाचा पहिला हेतू सदस्यांची स्वतःची श्रद्धा टिकविणे हा होता. घरापासून दूर, परक्या शहरात, धर्माची हेटाळणी होणाऱ्या वर्गांत बसणाऱ्या तरुणाला आपल्यासारखे चार मित्र आणि हाताला काम मिळाले, तर त्याची श्रद्धा कोमेजणार नाही, हा विचार त्यामागे होता.

दीड वर्षात सदस्यसंख्या शंभराच्या आसपास गेली आणि मंडळाचे विभाजन करावे, असे ओझानाम यांनी सुचविले. अनेकांना ते रुचले नाही. ज्या मैत्रीसाठी आपण एकत्र आलो तीच तुटेल, अशी भीती त्यांना वाटली. १८३४च्या अखेरच्या दिवसांत झालेल्या बैठका तापल्या, काहींच्या डोळ्यांत पाणी आले. शेवटी १८३५च्या आरंभी मंडळाच्या शाखा करण्यात आल्या. त्याच वर्षी नियमावली तयार झाली आणि सतराव्या शतकातील फ्रेंच संत व्हिन्सेंट डी पॉल यांचे नाव संस्थेशी कायमचे जोडले गेले. विभाजनामुळेच संस्थेला पॅरिसबाहेर आणि पुढे फ्रान्सबाहेर पसरता आले.

नोत्र-दाम येथील व्याख्यानमाला

चर्चमधील रूढ प्रवचने सुशिक्षित तरुणांच्या शंकांना स्पर्श करीत नाहीत, हे ओझानाम यांना जाणवत होते. १८३३मध्ये त्यांनी शंभर विद्यार्थ्यांच्या सह्यांचे निवेदन पॅरिसचे आर्चबिशप द केलँ यांना दिले. आधुनिक मनाला कळेल अशा भाषेत ख्रिस्ती धर्माची मांडणी करणारी व्याख्याने कॅथेड्रलमध्ये व्हावीत, अशी त्यांची मागणी होती. पुढील वर्षी दोनशे सह्यांनिशी ती पुन्हा मांडण्यात आली. विद्यार्थ्यांना तरुण वक्ते धर्मगुरू आंरी लाकोर्देर हवे होते; परंतु त्यांच्या उदारमतवादी भूतकाळामुळे आर्चबिशप साशंक होते. अखेर १८३५च्या ईस्टरपूर्व उपवासकाळात लाकोर्देर यांची व्याख्याने नोत्र-दाममध्ये सुरू झाली. जी मंडळी एरवी चर्चची पायरी चढत नसत, तीही ऐकायला आली. ही परंपरा पुढेही चालू राहिली.

कायदा की साहित्य

वडिलांच्या इच्छेनुसार ओझानाम यांनी १८३६मध्ये कायद्यातील डॉक्टरेट मिळविली. मन मात्र साहित्य व इतिहासाकडे ओढ घेत होते. १८३९च्या जानेवारीत त्यांनी दान्तेच्या तत्त्वज्ञानावरील प्रबंध सादर करून साहित्यातील डॉक्टरेटही संपादन केली. दान्तेला केवळ कवी न मानता तेराव्या शतकातील कॅथलिक विचाराचा प्रतिनिधी म्हणून पाहणारा हा प्रबंध फ्रान्समधील दान्ते-अभ्यासात महत्त्वाचा ठरला. त्याच वर्षी ल्योंमध्ये त्यांची व्यापारी कायद्याचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. तेथील व्याख्यानांत त्यांनी मजुरीचा प्रश्न हाताळला. कामगाराला यंत्रासारखे वापरून घेणे ही गुलामीच होय, आणि मजुरीतून त्याच्या कुटुंबाचे पोषण, मुलांचे शिक्षण व म्हातारपणाची तरतूद व्हायला हवी, असे प्रतिपादन त्यांनी केले.

१८४०मध्ये पॅरिसला साहित्य विषयाच्या प्राध्यापकपदासाठी राष्ट्रीय स्पर्धापरीक्षा झाली. शिक्षणमंत्री व्हिक्टर कूझँ हे स्वतः तत्त्वज्ञ होते आणि त्यांची मते ओझानाम यांच्या मतांशी जुळणारी नव्हती. तरी त्यांनीच ओझानाम यांना परीक्षेस बसण्याचा आग्रह केला. चिठ्ठीने त्यांच्या वाट्याला ग्रीक व लॅटिन भाष्यकारांचा इतिहास असा आडवळणाचा विषय आला. तरीही त्यांनी पहिला क्रमांक मिळविला. सोर्बोनमध्ये परकीय साहित्याचे प्राध्यापक क्लोद फोरिएल यांचे बदली व्याख्याते म्हणून त्यांना संधी देण्यात आली. ल्योंमधील पद अधिक स्थिर होते आणि पॅरिसमधील जागा तात्पुरती होती. ओझानाम यांनी पॅरिस निवडले. ज्या विद्यापीठात श्रद्धेला जागा नाही असे म्हटले जात होते, तेथेच उभे राहून शिकविणे त्यांना कर्तव्य वाटले.

विवाह आणि कौटुंबिक जीवन

संन्यस्त जीवन स्वीकारून लाकोर्देर यांच्या डॉमिनिकन संघात जावे की काय, याचा ओझानाम बराच काळ विचार करीत होते. ज्यांनी त्यांना तरुणपणी सावरले होते, त्या नुआरो यांनी मात्र विवाहाचा सल्ला दिला. २३ जून १८४१ रोजी ल्यों येथील सँ-निझिए चर्चमध्ये त्यांचा विवाह आमेली सुलाक्रोआ यांच्याशी झाला. आमेली या ल्योंच्या शिक्षण-विभागाच्या प्रमुखांच्या कन्या होत्या. विवाहाची आठवण म्हणून ओझानाम दर महिन्याच्या २३ तारखेला पत्नीला फुले देत. शेवटच्या आजारपणातही हा नेम त्यांनी चुकविला नाही. १८४५मध्ये त्यांना मरी ही एकुलती कन्या झाली. गृहस्थाश्रमात राहून साधलेली धर्मनिष्ठा हा त्यांच्या चरित्राचा विशेष मानला जातो.

सोर्बोनमधील अध्यापन

जानेवारी १८४१पासून ओझानाम सोर्बोनमध्ये शिकवू लागले. १८४४मध्ये फोरिएल यांच्या निधनानंतर, वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी, ते पूर्णवेळ प्राध्यापक झाले. मध्ययुगीन जर्मन, इटालियन आणि इंग्लिश साहित्य हे त्यांच्या व्याख्यानांचे विषय होते. ते स्वभावतः बुजरे होते. आरंभी शब्द अडखळत, चेहरा फिका पडे. पण विषयात शिरल्यावर वाणीला धार येई. तयारी इतकी काटेकोर असे की, एका तासाच्या व्याख्यानासाठी कित्येक दिवस टिपणे काढण्यात जात.

त्यांच्या अध्यापनाचे सूत्र होते ते असे की, रोमन साम्राज्य कोसळल्यावर ख्रिस्तसभेने प्राचीन विद्या जतन करून ती उत्तरेकडून आलेल्या रानटी टोळ्यांना शिकविली आणि त्यातूनच युरोपची नवी संस्कृती घडली. रोमच्या ऱ्हासाचे खापर ख्रिस्ती धर्मावर फोडणाऱ्या इंग्रज इतिहासकार एडवर्ड गिबन यांच्या मताला हे उत्तर होते. ते त्यांनी मूळ कागदपत्रे, कायदेसंहिता, संतचरित्रे आणि काव्य यांच्या आधारे दिले. ख्रिस्ती समाजाच्या चुका व क्रौर्य यांवर त्यांनी पांघरूण घातले नाही. वर्गात ते प्रवचन करीत नसत. मात्र आपण कॅथलिक आहोत हे त्यांनी कधी लपविलेही नाही.

या भूमिकेची चेष्टाही झाली. एकदा सूचनाफलकावर त्यांच्या नावापुढील विषयाचे नाव खोडून कोणीतरी ‘ईश्वरविद्या’ असे लिहिले. ओझानाम यांनी व्याख्यान नेहमीप्रमाणे पूर्ण केले आणि शेवटी शांतपणे सांगितले की, ईश्वरविद्येचे पंडित असण्याचा मान आपल्याला नाही. पण आपण श्रद्धावान आहोत आणि सत्याच्या सेवेत आपले सर्व बळ लावू इच्छितो. वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. पुढे श्रद्धेपासून दूर गेलेले विचारवंत एर्नेस्ट रनाँ हेही त्यांच्या श्रोत्यांत होते आणि मतभेद असूनही ओझानाम यांच्याविषयी त्यांना आदर वाटत असे.

दोन्ही बाजूंची टीका

१८४०च्या दशकात शिक्षणस्वातंत्र्याचा वाद पेटला. मोंतालांबेर आदी कॅथलिक नेते विद्यापीठाची मक्तेदारी मोडून खासगी शाळांना मोकळीक मागत होते. दुसऱ्या बाजूने कोलेज द फ्रान्समध्ये मिशले आणि किने हे प्राध्यापक येशुसंघीयांवर घणाघाती व्याख्याने देत होते. ओझानाम यांची स्थिती अवघड झाली. शिक्षणस्वातंत्र्याची मागणी त्यांना मान्य होती. पण ते स्वतः ज्या विद्यापीठाचे अध्यापक होते, त्यावर सरसकट चिखलफेक करणे त्यांना अन्यायाचे वाटे. लुई व्हेयो यांच्या प्रभावाखालील कॅथलिक वृत्तपत्राने त्यांच्यावर मवाळपणाचा आणि कर्तव्यच्युतीचा ठपका ठेवला. ही टीका स्वकीयांकडून आल्यामुळे त्यांना ती अधिक बोचली. विरोधकाला शत्रू न मानता भरकटलेला किंवा अजून न पोहोचलेला सहप्रवासी मानावे, त्याला दुखावून काहीच साधत नाही, ही त्यांची धारणा होती.

मवाळ असले तरी ते भित्रे नव्हते. इतिहासाचे प्राध्यापक शार्ल लनोर्मां यांनी श्रद्धा पुन्हा स्वीकारल्यावर काही विद्यार्थ्यांनी त्यांची व्याख्याने आरडाओरडा करून बंद पाडली. त्या वेळी ओझानाम त्यांच्या वर्गात जाऊन त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि ज्या स्वातंत्र्याचा तुम्ही उद्घोष करता ते दुसऱ्याच्या सद्सद्विवेकालाही द्या, असे त्यांनी गोंधळ घालणाऱ्यांना सुनावले. तरीही १८४६मध्ये लनोर्मां यांना अध्यापन सोडावे लागले.

१८४८ची क्रांती

१८४७मध्ये इटलीच्या प्रवासात ओझानाम यांनी नवे पोप पायस नववे यांची भेट घेतली आणि त्यांच्या आरंभीच्या सुधारणांनी ते भारावले. परतल्यावर, फेब्रुवारी १८४८मध्ये, त्यांनी एका मासिकात लेख लिहिला. प्राचीन काळी ख्रिस्तसभा जशी मरणपंथाला लागलेल्या साम्राज्याकडून रानटी टोळ्यांकडे वळली, तशी आज तिने राजेरजवाड्यांची कास सोडून कष्टकरी जनतेकडे वळावे, असे त्यांनी या लेखात सुचविले. पाचव्या शतकाच्या अभ्यासातून हाती आलेले सूत्र त्यांनी असे आपल्या काळाला लावले. अनेक सनातनी वाचक यामुळे संतापले. पंधरवड्याच्या आत पॅरिसमध्ये क्रांती होऊन राजा पळून गेला.

ओझानाम यांनी प्रजासत्ताकाचे स्वागत केले. लाकोर्देर आणि धर्मगुरू मारे यांच्यासह त्यांनी १५ एप्रिल १८४८पासून ‘नवे युग’ या अर्थाचे नाव असलेले दैनिक सुरू केले. मित्रांच्या आग्रहावरून त्यांनी ल्यों परिसरातून संविधान सभेची निवडणूक लढविली. तीत त्यांचा पराभव झाला. जून महिन्यात बेरोजगार कामगारांचा उठाव होऊन पॅरिसच्या रस्त्यांवर मोर्चेबंदी उभी राहिली. ओझानाम त्या वेळी राष्ट्रीय रक्षक दलात पहाऱ्यावर होते. २५ जून रोजी त्यांनी दोन सहकाऱ्यांसह आर्चबिशप दनी आफ्र यांना भेटून मध्यस्थीची विनंती केली. आर्चबिशप स्वतःही त्याच विचारात होते. त्याच संध्याकाळी फोबूर सँ-आंत्वान येथील मोर्चावर शांततेचे आवाहन करीत असताना त्यांना गोळी लागली आणि २७ जूनला त्यांचे निधन झाले. आपल्या विनंतीमुळेच हे घडले, ही खंत ओझानाम यांना दीर्घकाळ सलत राहिली.

उठाव चिरडल्यानंतर सुखवस्तू वर्ग कामगारांच्या नावाने बोटे मोडू लागला. अशा वेळी ओझानाम यांनी आपल्या दैनिकात दारिद्र्याच्या कारणांवर लेखमाला लिहिली. बंदुकीने शांतता प्रस्थापित झाली तरी उपासमार संपलेली नाही, हे त्यांनी वाचकांपुढे ठेवले. वाचकवर्ग मात्र घटत गेला आणि १८४९मध्ये हे दैनिक बंद पडले. श्रद्धा व लोकशाही यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न तात्कालिक दृष्टीने अयशस्वी ठरला.

ग्रंथसंपदा

प्राचीन जर्मन टोळ्यांच्या जीवनावरील त्यांचा ग्रंथ १८४७मध्ये आणि फ्रँक लोकांमधील ख्रिस्ती संस्कृतीवरील ग्रंथ १८४९मध्ये प्रसिद्ध झाला. या कार्यासाठी त्यांना फ्रान्समधील प्रतिष्ठेचे गोबेर पारितोषिक मिळाले. इटलीतील तेराव्या शतकाच्या फ्रान्सिस्कन कवींवरील त्यांचे पुस्तक १८५२चे आहे. असिसीचे संत फ्रान्सिस आणि त्यांच्या परंपरेतील कवी यांच्याकडे आधुनिक वाचकांचे लक्ष वेधण्यात त्याचा मोठा वाटा आहे. पाचव्या शतकातील संस्कृतीवरील व्याख्याने आणि दान्तेच्या काव्यातील शुद्धिस्थानाच्या खंडाचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाले. युरोपच्या मध्ययुगाचा सलग इतिहास लिहिण्याचा त्यांचा संकल्प अपुरा राहिला.

अखेरचे दिवस

अतिश्रमाने ओझानाम यांची प्रकृती खालावत गेली. १८५२च्या वसंतात ते तापाने अंथरुणाला खिळले असताना, प्राध्यापक वर्ग घेत नाहीत म्हणून विद्यार्थी कुरकुर करीत असल्याचे त्यांच्या कानी आले. पत्नी व डॉक्टर यांचा विरोध न जुमानता ते उठून सोर्बोनमध्ये गेले. त्यांचा ओढलेला चेहरा पाहून वर्ग ओशाळला. तेच त्यांचे अखेरचे व्याख्यान ठरले.

हवापालटासाठी ते प्रथम स्पेनच्या सीमेकडे आणि नंतर इटलीत गेले. तेथेही ते स्वस्थ बसले नाहीत. तस्कनी प्रांतात संस्थेच्या शाखा सुरू करण्यासाठी त्यांनी खटपट केली. २३ एप्रिल १८५३ रोजी, चाळिसाव्या वाढदिवशी, त्यांनी पिसा येथे आपले मृत्युपत्र लिहिले. त्यात त्यांनी आपण कॅथलिक श्रद्धेत मरत असल्याचे नमूद केले, तरुणपणी अनुभवलेल्या शंकांचाही उल्लेख केला आणि पत्नी, कन्या व मित्र यांचा निरोप घेतला. सप्टेंबरच्या आरंभी त्यांना समुद्रमार्गे मार्सेयला आणण्यात आले. ८ सप्टेंबर १८५३ रोजी, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. पॅरिस येथील सँ-झोझेफ-दे-कार्म चर्चच्या तळघरात त्यांची समाधी आहे. हे चर्च आता पॅरिसच्या कॅथलिक शिक्षणसंस्थेच्या आवारात येते.

वारसा

सात जणांनी सुरू केलेली संत व्हिन्सेंट डी पॉल संस्था आज सुमारे दीडशे देशांत कार्यरत आहे. मुंबई, वसई आणि गोवा येथील अनेक धर्मग्रामांतही तिच्या शाखा आहेत. गरजू कुटुंबांना घरी जाऊन भेटणे हा मूळ नियम तेथेही पाळला जातो. संस्थेच्या पहिल्या मार्गदर्शक रोझाली रांद्यू यांना २००३मध्ये ‘धन्य’ घोषित करण्यात आले.

ओझानाम यांच्या संतपदाची प्रक्रिया १९२५मध्ये सुरू झाली. ब्राझीलमधील एका बालकाचा घटसर्प १९२६मध्ये त्यांच्या मध्यस्थीने बरा झाला, असे ख्रिस्तसभेने मान्य केल्यावर १९९७मध्ये त्यांना ‘धन्य’ ही पदवी मिळाली. हा सोहळा जागतिक युवा दिनासाठी जगभरातील तरुण पॅरिसमध्ये जमले असताना झाला. मजुरी, कामगारांचे हक्क आणि मालकांची जबाबदारी यांविषयी त्यांनी मांडलेले विचार पोप लिओ तेरावे यांच्या १८९१च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकाची पूर्वसूचना देणारे मानले जातात.

त्यांच्या भूमिकेचे मूल्यमापन करताना अभ्यासक दोन मर्यादाही दाखवतात. मध्ययुगाकडे पाहताना त्यांची दृष्टी काही वेळा अधिक उदार होते आणि राजकारणातील त्यांचा आशावाद वास्तवाला पुरून उरला नाही. पायस नववे यांच्याकडून त्यांनी बाळगलेल्या अपेक्षाही १८४८नंतर फोल ठरल्या. तथापि इहवादी संस्कृतीत धर्म कसा जगावा, या प्रश्नाला त्यांनी आपल्या आचरणाने दिलेले उत्तर टिकून राहिले. त्यांनी शासकीय विद्यापीठातील आपली जागा सोडली नाही, विरोधी मताच्या माणसाशी संवाद तोडला नाही आणि एका अनोळखी विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाला आयुष्यभर गरिबांच्या घरी जाऊन उत्तर देत राहिले.